नव्या गाडीत आबांचं इंजिन

आमच्या माहेरी गाडी म्हणजे ट्रक. मोटारसायकलला मोटारसायकल म्हणायचं, एसटीला एसटी, पण "गाडी आली का?" असं कुणी विचारलं तर ते ट्रकबद्दलच. लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले, सासरी छोटी चारचाकीही आली. पण तिला गाडी म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. मी तिला डबी म्हणते आणि नवरा त्यावरून चिडतो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून काढली. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी दोन मालकांच्या हाताखालून गेलेली एक जुनी गाडी घेतली, तिचं इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात पहिल्यापासून बांधून घेतलं आणि दारावर पेंटरकडून स्वतःचं नाव काढून घेतलं. पेंटरनं नावाखाली बारीक अक्षरात 'मालक' लिहिलं होतं. आबांनी ते पुसायला लावलं आणि नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून घेतलं. त्या दिवशी पेढे वाटताना ते म्हणाले, "मी लोकांच्या गाड्या चालवल्या. माझ्या पोरानं चालवायच्या न्हाईत." ते बोलणारे गृहस्थ नव्हेत, त्यामुळे त्यांचं एवढं एक वाक्य आमच्या घरात पुढं कायद्यासारखं राहिलं.

माझा धाकटा भाऊ त्याच गाडीवर चालवायला शिकला आणि तिच्यावरच त्याचं लग्न जमलं. पुढं त्या गाडीचं वय झालं. दरवर्षी गाडी तपासून रस्त्यावर चालायची परवानगी मिळते, त्याला पासिंग म्हणतात. ते तिला मिळेना. मग भावानं नवी गाडी घेतली आणि जुनी घरामागच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. टायर गेले, हौदा गेला, काचा गेल्या. इंजिनाला मात्र आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, "त्ये इकायचं न्हाय," आणि पाणी विचारायचे.

नवी गाडी कॉम्प्युटरची होती. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, हे त्यात पंप ठरवत नाही, एक बंद डबा ठरवतो. धूर कमी व्हावा म्हणून वेगळी युरियाची टाकी. काही बिनसलं की समोर पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला ते सांगायला आणखी एक यंत्र आणावं लागतं. आबा एकदाच तिच्यात बसले आणि उतरून म्हणाले, "लई बोलतीया." भावाला ती जिवापाड आवडायची. मार्केट यार्डातून गूळ भरून तो गुजरातला जायचा आणि परत आल्यावर आधी गाडी धुऊन मग स्वतः आंघोळ करायचा.

अशाच एका फेरीवरून तो येत असताना पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं. गाड्यांची रांग थांबवली. आता उतरेल, मग उतरेल म्हणता पाणी चाकांना लागलं, मग सीटला. शेवटी ड्रायव्हर लोकांना नावेतून बाहेर काढलं. भाऊ घरी आला तेव्हा त्याच्या हातात फक्त किल्ली आणि जेवणाचा डबा होता. पाणी ओसरेपर्यंत तो रोज जाऊन लांबून गाडीचं टप बघून यायचा. आपल्याला दिसत राहिली म्हणजे ती ठीक आहे, असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

पाणी ओसरल्यावर तो चिखलातून गाडीपर्यंत गेला आणि त्यानं किल्ली फिरवली. पाण्यातून निघालेली गाडी लगेच सुरू करायची नसते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्यानंच दुसऱ्यांना दहा वेळा सांगितलं असेल. पण बुडालेल्या माणसाला वर काढलं की आपण आधी त्याला हाक मारतो, तसं त्याच्या हातून झालं. बॅटरी टपाशेजारी उंच बांधलेली, त्यामुळे नेमकी तीच शाबूत होती. आतल्या पाण्यानं इंजिनचा दांडा वाकला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. ब्लॉक म्हणजे इंजिनचं बिडाचं धड. विमेवाल्यांनी याच फिरवलेल्या किल्लीवर बोट ठेवलं आणि अंग काढून घेतलं. कंपनीच्या वर्कशॉपात ब्लॉक, कॉम्प्युटर, वायरिंग, सगळंच नवं घालावं लागेल म्हणून सांगितलं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तिथून आल्यावर भाऊ आबांच्या शेजारी कट्ट्यावर बसला तो संध्याकाळीच उठला.

मग मिस्त्री आला. आबांचं इंजिन पूर्वी ज्यानं बांधलं त्याचाच हा मुलगा. उद्यमनगरात याचं गॅरेज आहे. आवाज असा, की हा गल्लीत शिरला की तीन घरांत कळतं. त्यानं नव्या गाडीचं तोंड उघडून आत बघितलं, च्यक् केलं, मग घरामागं गेला आणि जुन्या गाडीपाशी थांबला. तिथूनच ओरडला, "आबा, हितं सोनं झाकून ठेवलंय आन् तिकडं कंपनीच्या दारात काय करताय?"

"पर त्ये ह्येच्यात बसंल काय?" भावानं विचारलं.

"बसतंय की! न बसाय काय झालंय?"

हे 'बसतंय की' ज्यानं कोल्हापुरात ऐकलं नाही त्याला पुढचं काही समजायचं नाही. उद्यमनगरात कुठलाही मोडका तुकडा घेऊन जा, लेथवरचा माणूस तो हातात फिरवून बघतो आणि 'करूया की' म्हणतो. नाही म्हणणं हा तिथं कारागिराचा कमीपणा. करता येईल का, एवढाच प्रश्न तिथं विचारायचा असतो, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. करावं का, चालेल का, असलं काही मधेच विचारणारा माणूस घाबरट समजला जातो.

मी घाबरट. मी विचारलं, "आणि पासिंगचं काय?"

"ताई, आधी गाडी हुबी ऱ्हाऊ दे. कागूद काय, कागूद मागनं चालत येतोय," मिस्त्री म्हणाला. सगळे हसले. भाऊही हसला, आणि पुराच्या पाण्यानंतर तो पहिल्यांदाच हसत होता, त्यामुळे मी तोंड मिटलं. बायकांनी गॅरेजच्या कामात बोलायचं नसतं हे मला कुणी शिकवलेलं नाही. बोलून उपयोग नसतो, एवढं मात्र मी शिकले आहे.

इंजिन आबांचं होतं. भावाला विचारायचं धाडस होईना, मिस्त्रीला विचारायची गरज वाटेना. शेवटी मीच विचारलं. आबा लगेच म्हणाले, "घ्या की." मग जरा वेळानं म्हणाले, "ठिवून तरी काय करायचं? पोरगं मालक ऱ्हायलं म्हंजे झालं."

नवी गाडी ओढून घरामागं आणली. पुढचे दोन महिने मी शनिवारी शाळा सुटली की जयसिंगपूरहून एसटीनं माहेरी यायचे आणि बघत उभी राहायचे. भावजय म्हणायची, "अक्का, तुमी चहा तरी घ्या." मी कपबश्या विसळायचे आणि पुन्हा मागच्या दारात जाऊन उभी राहायचे. मला त्यातलं काही येत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

पहिल्याच शनिवारी साखळीची कप्पी लावून फुटलेलं इंजिन बाहेर काढलं. उपयोगाचे सुटे भाग बाजूला केले आणि फुटका ब्लॉक संध्याकाळीच टेम्पोत घालून फाउंड्रीला दिला. आमच्याकडं मोडलं बीड पडून राहत नाही. ते भट्टीत जातं आणि दुसरं काहीतरी होऊन बाहेर येतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जागा मोकळी झाली म्हणून मलाही बरंच वाटलं.

मग आबांचं इंजिन उचललं. ते वर आल्यावर जुन्या गाडीचा पुढचा भाग हलका होऊन जरासा उचलला गेला. आबा तेव्हा कट्ट्यावरून उठून आत गेले आणि पाणी पिऊन आले. राहिलेली जुनी गाडी पुढच्या आठवड्यात गॅसकटरनं कापून भंगारात दिली. नाव लिहिलेलं दार ठेवून घ्या असं मी म्हणत होते. आबा म्हणाले, "पत्रा कशाला घरात?"

इंजिन बसता बसेना. त्याचे पाय एकीकडं आणि नव्या गाडीच्या खुंट्या दुसरीकडं. मिस्त्रीनं खुंट्या कापून नव्या केल्या. गिअरबॉक्सशी तोंड जुळेना म्हणून मधे घालायला लेथवर जाड चकती करून आणली. ती पहिली चुकली, दुसरी चुकली, तिसरी बसली. नव्या गाडीचा पायातला ॲक्सिलेटर फक्त कॉम्प्युटरला निरोप द्यायचा. आबांच्या इंजिनाला निरोप नको होता, खरीखुरी तार हवी होती. म्हणून केबिनच्या तळाला भोक पाडलं. कुठं पाडायचं ते आबांनी स्वतः बसून, पाय ठेवून, खडूनं दाखवलं. बंद डबा काढून टाकला. युरियाची टाकी तशीच ठेवली. मिस्त्री म्हणाला, "आसू दे, शोभंसाठी."

खोटं कशाला बोलू, मीही त्यात गुंतले. शाळेत मुलांचं गणित तपासताना माझं लक्ष त्या चकतीत असायचं. तिसरी चकती बसली त्या दिवशी भावानं फोन केला आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. त्यांना त्यातलं काय कळणार! पण त्यांनीही आनंद झाल्यासारखं केलं.

खंडेनवमीला गाडी सुरू करायचं ठरलं. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाने, कप्पी, लेथवरच्या त्या वाया गेलेल्या दोन चकत्या, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. गाडीला झेंडूच्या माळा. भावानं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

तो आवाज मी ओळखला. लहानपणी रात्री तो गल्लीच्या तोंडाशी आला की आई तवा टाकायची, आणि आबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी तयार असायची. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आबा डोळे मिटून उभे होते. नव्याकोऱ्या केबिनमधून तो जुना आवाज येत होता आणि भाऊ आत बसून रडत आणि हसत होता.

मग भावानं किल्ली उलटी फिरवली. इंजिन चालूच. किल्ली काढून त्यानं हातात घेतली, तरी ते आपलं निवांत चाललंय. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. जुनं इंजिन किल्लीनं बंद होत नाही, त्याला ओढायची वेगळी तार लागते, आणि नव्या केबिनमध्ये तसली तार कुठंच नव्हती. घालायची राहून गेली होती. "किल्लीचं आन् ह्येचं काय नातंच न्हाय की ओ," म्हणत त्यानं गाडीच्या तोंडात हात घालून पंपाची दांडी ओढली तेव्हा कुठं ते थांबलं. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या घरातला तो शेवटचा चांगला दिवस असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर आबा तसे हसलेले मला आठवत नाहीत.

पासिंगची मुदत संपायला अजून थोडे दिवस होते. तेवढ्यात भावानं जवळच्या गुऱ्हाळांवरून मार्केट यार्डापर्यंत गुळाच्या फेऱ्या केल्या. समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे कायमचे पेटलेले असायचे. त्यांच्यावर त्यानं झेंडूचं तोरण सोडलं होतं. रस्त्यातून मला फोन करायचा, "अक्का, ऐक," आणि काही न बोलता फोन खिडकीबाहेर धरायचा.

पासिंगला मी रजा काढून बरोबर गेले. मास्तरीणबाई असल्या की आरटीओचा साहेब नीट बोलतो, असा आमच्या घरात समज आहे. साहेब खरोखरच नीट बोलला. तरुण होता, तोंडावर उर्मटपणा नव्हता. त्यानं गाडीचं तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ आत वाकून बघत राहिला. मग विचारलं, "हे काम कुणाचं?"

"आमचंच की," मिस्त्री छाती काढून म्हणाला.

"सुरेख केलंय," साहेब म्हणाला. "पण ही गाडी मला रस्त्यावर सोडता येणार नाही."

त्यानं आम्हाला सावलीत नेऊन समजावून सांगितलं. या गाडीला तिच्या कमी धुरावर मान्यता मिळालेली आहे, तिच्यात जास्त धुराचं जुनं इंजिन चालत नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी घ्यायची, आणि या बदलाला ती आधी मागितली असती तरी मिळाली नसती. त्याच्या आवाजात चीड नव्हती. मी वाद घालायच्या तयारीनं गेले होते, पण तो मला वाद घालायला जागाच देईना. उलट आमची तोंडं बघून तोच वाट काढायला लागला. "मूळ इंजिन दुरुस्त करा," तो म्हणाला. "वर्ष लागू दे. कॉम्प्युटर, वायरिंग जुनी मिळते. फुटका ब्लॉकसुद्धा धातूचे टाके घालून शिवून देणारे लोक आहेत तुमच्या उद्यमनगरात. ब्लॉकवरचा नंबर जुळला की मी पास करतो. ब्लॉक आहे ना?"

भाऊ मिस्त्रीकडं बघायला लागला. मिस्त्री जमिनीकडं.

तिथून आम्ही तिघं थेट फाउंड्रीत गेलो. बैल गेला आणि झोपा केला, हे माहीत असूनही गेलो. फाउंड्रीवाल्यानं आधी ओळखलंच नाही, मग आठवून म्हणाला, "त्यो व्हय? त्यो तवाच वतला की." अंगणात पाण्याच्या पंपांची ओतीव अंगं रांगेनं मांडून ठेवली होती, रंग लावायची राहिलेली. त्यांच्याकडं हात करून तो म्हणाला, "ह्यातच आसंल कुठंतरी." भाऊ त्या रांगेतून सावकाश फिरून आला. काय शोधत होता कोण जाणे. मी त्याला हाक मारली नाही.

नव्या ब्लॉकला परवानगी मिळाली असती. पण एकट्या नव्या ब्लॉकचीच किंमत आमच्या आवाक्याबाहेर, म्हणजे फिरून आम्ही पहिल्याच ठिकाणी. जुनी गाडी कापलेली, त्यामुळे आबांचं इंजिन परत ठेवायलाही जागा नव्हती. गाडी घरामागं आणून लावली. दोन-चार दिवसांनी मिस्त्री आला, कट्ट्यावर आबांच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "आबा, बसलं हुतं की ओ."

"बसलं हुतं," आबा म्हणाले. "तुजं काम चुकल्यालं न्हाय."

मला चिडायला कारण लागत नाही, हे माझ्या सासर-माहेरी दोन्हीकडं माहीत आहे. पण या खेपेला चिडावं तर कुणावर, तेच सापडेना. साहेब बरोबर होता. मिस्त्रीनं जीव ओतून काम केलं होतं. भावानं घाईनं किल्ली फिरवली, पण त्याला काय बोलणार? मी शाळेत जायचे, फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे आणि डोळे पुसून वळायचे. एवढं शिकून, नोकरी करून, भावाच्या कामी पडेल असं माझ्याजवळ काहीही नव्हतं.

मग जयसिंगपुरातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला ड्रायव्हर हवा असल्याचं माझ्या नवऱ्याला कळलं. चांगला माणूस, चांगल्या गाड्या. तो निरोप माहेरी मलाच न्यावा लागला. मी तो भावाला न सांगता आबांना सांगितला, कारण कायदा त्यांचा होता. ते आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत म्हणाले, "कवा जायाचं त्ये इचारून घे."

भाऊ कामावर जाणार त्या सकाळी मी माहेरीच होते. तो चहा पिऊन उठला तसं आबांनी त्याला हाक मारून समोर बसवलं. वाटलं, आता यांचा बांध फुटणार. पण ते गिअर कसा टाकावा हे सांगावं तशा शांत आवाजात सांगू लागले.

"मालक आला की खाली उतरायचं. स्टेरिंगवर बसून बोलायचं न्हाय."

"व्हय."

"माजी गाडी म्हणायचं न्हाय. मालकांची गाडी म्हणायचं. सवय हाय तुला, तोंडातनं जाईल. ध्यान ठेव."

"व्हय, आबा."

"त्येंच्यात लगीन-बिगीन आसलं तर बोलावत्यात. जायाचं. पर पयल्या पंगतीला बसायचं न्हाय. बसा म्हणत्यात, तरी बसायचं न्हाय. वाढायला लागायचं. मागनं जेवायचं."

मी दारात कपबश्या घेऊन उभी होते. आम्ही लहान असताना आबांच्या मालकांच्या घरची कितीतरी लग्नं जेवलो. प्रत्येक लग्नात आबा बाह्या वर करून, भाताचं घमेलं घेऊन पळताना दिसायचे. आमच्या आबांना वाढण्याची भारी हौस, असं आई आम्हाला सांगायची आणि आम्ही ते शाळेतल्या पोरींना कौतुकानं सांगायचो.

भाऊ खाली मान घालून ऐकत होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "तुमास्नी भूक लागत न्हवती व्हय, आबा?"

"लागायची की," आबा म्हणाले.